निरुपयोगी ठरवलेली प्लीहा आणि उशिरा मोजलेले मृत्यू

धागा : वैद्यकाच्या इतिहासातून

सकाळी थंडी वाजून ताप भरतो. अंग मोडून येते, एखाददुसरी उलटी होते आणि घरातील माणसे हवापालटाला बोल लावून मोकळी होतात. दुपारपर्यंत हातपाय गार पडू लागतात, भान हरपू लागते, त्वचेवर जांभळट डाग उमटतात. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्तदाब मोजण्याजोगा राहिलेला नसतो. अनेकदा दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीच सारे संपते. रुग्ण म्हणजे एखादे लहान मूल किंवा ऐन विशीतला तरुण. आदल्या दिवसापर्यंत धडधाकट. पोटावर मात्र एक जुना व्रण असतो. कधी दोन वर्षांपूर्वीचा, कधी पंधरा.

या मृत्यूला १९६९ पर्यंत नाव नव्हते. तो व्रण ज्या शस्त्रक्रियेचा, ती मात्र तोवर शंभर वर्षे यशस्वीपणे होत होती आणि तिचे पुढे काही दुष्परिणाम होत नाहीत असे विद्यार्थ्यांना शिकवले जात होते. एखादा अवयव निरुपयोगी ठरवणे किती सोपे असते आणि तो निकाल फिरवायला किती काळ लागतो, त्याची ही हकीकत.

आधी अवयवाविषयी. पोटाच्या डाव्या बाजूला, फासळ्यांच्या आड, मुठीएवढी जांभळट प्लीहा असते. जुन्या मराठीत तिला पाणथरी म्हणत आणि हिवतापाने ती वाढली की ‘पाणथरी झाली’ असेच बोलले जाई. चरकसंहितेने यकृत आणि प्लीहा यांना रक्तवाही स्रोतसांचे मूळ मानले आहे. ग्रीक-रोमन वैद्यकाचा कल वेगळा होता. गॅलेनच्या मते ती काळे पित्त शोषून घेणारी, म्हणून विषण्णतेशी जोडलेली. थोरल्या प्लिनीने तर प्लीहा धावपटूंना अडथळा करते असे नोंदवून ठेवले आहे. या साऱ्या कल्पनांत रोगप्रतिकाराचा मागमूस नाही, आणि त्यात नवल काही नाही. जिवाणूंचीच कल्पना नसताना त्यांना गाळून काढणाऱ्या अवयवाची कल्पना कुठून येणार?

युरोपातील शल्यविशारदांनी प्लीहेला हात घातला तो एकोणिसाव्या शतकात. १८२६ मध्ये रोस्टॉक येथे क्विटेनबाउम यांनी प्लीहा काढली. रुग्ण काही तासांतच दगावली. १८६७ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी वीस वर्षांच्या एका तरुणीची प्लीहा काढली आणि ती जगली. १८९२ मध्ये ब्रेस्लाऊच्या रीग्नर यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची फाटलेली प्लीहा काढून त्याचे प्राण वाचवले. अपघातानंतर प्लीहा काढून रुग्ण जगल्याची ही पहिली नोंद मानली जाते. माणूस प्लीहेवाचून जगू शकतो, हे आता सिद्ध झाले होते. मात्र किती काळ आणि कशाच्या भरवशावर जगू शकतो, हा प्रश्न त्या घडीला कोणाला पडला नाही.

फाटलेल्या प्लीहेची भीती तेव्हा किती खरी होती, याचे उदाहरण हिंदुस्थानात सापडते. हिवतापग्रस्त मुलखात लोकांच्या प्लीहा इतक्या वाढलेल्या असत की कोणत्या गावात हिवताप किती, हे सरकारी डॉक्टर मुलांची पोटे चाचपून ठरवत. अशी वाढलेली, ठिसूळ प्लीहा एका फटक्याने फुटे. १८७५ मध्ये आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी आणायला उशीर झाला म्हणून आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो गरीब माणूस प्लीहा फुटून मेला. शिक्षा झाली तीस रुपये दंडाची. मृताची प्लीहा आधीच रोगट होती, हा साहेबाच्या बचावाचा आधार. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पुढच्या वर्षी या निकालावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रे खवळली ती व्हाइसरॉयवरच. असे खटले पुढेही होत राहिले. इथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच, की फुटलेली प्लीहा म्हणजे पोटात वाहणारे रक्त आणि काही तासांत मृत्यू, हे समीकरण त्या काळी जगभर पक्के होते. त्यापुढे ‘काढून टाका’ हा सल्ला म्हणजे जीवदानच होते.

हा सल्ला ठामपणे देणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधील बर्नचे थिओडोर कोखर होते. आपल्या शल्यक्रियेच्या गाजलेल्या ग्रंथात त्यांनी जखमी प्लीहा काढावीच असे सांगितले आणि काढल्याने कोणताही अनिष्ट परिणाम होत नाही, अशी ग्वाही दिली. १९११ च्या इंग्रजी आवृत्तीतील हे वाक्य पुढे पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत राहिले. कोखर कोणी सामान्य असामी नव्हते. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते, आणि तेही थायरॉइड ग्रंथीवरील कामासाठी.

इथे थोडे थांबायला हवे, कारण थायरॉइडची गोष्ट प्लीहेच्या गोष्टीची आरशातली प्रतिमा आहे. १८७४ मध्ये कोखर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची गलगंडाची ग्रंथी समूळ काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरकडून कळले की मुलीची वाढ खुंटली आहे, ती मंद झाली आहे. जिनिव्हाच्या रेव्हर्दिन यांच्याकडूनही अशीच सूचना आल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावले, एकेकाला तपासले आणि १८८३ मध्ये जाहीरपणे मांडले की संपूर्ण ग्रंथी काढल्याने माणसाचे अपार नुकसान होते. शल्यविशारदाने स्वतःच्या यशस्वी शस्त्रक्रियांची उलटतपासणी करण्याचे असे उदाहरण विरळा. अवयव काढल्याचे दुष्परिणाम वर्षांनंतर, आणि विशेषतः वाढत्या वयात, दिसतात हे जगाला शिकवणाऱ्या माणसाने प्लीहेच्या बाबतीत मात्र निर्धास्तपणे उलट लिहावे, हा विरोधाभास विलक्षण आहे.

त्यांना दोष देण्यापूर्वी फरक ध्यानात घ्यावा. थायरॉइड काढलेली मुलगी जगली होती. तिच्याकडे बोट दाखवता येत होते. प्लीहा काढलेले मूल वर्षानुवर्षे निरोगी दिसे आणि मग एका दिवसात, बहुधा दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच डॉक्टरच्या हाताखाली मरून जाई. मृत्यूचे कारण लिहिले जाई मेंदूज्वर किंवा न्यूमोनिया. पेनिसिलिनपूर्व काळात या दोन्ही रोगांनी इतकी मुले मरत, की त्यात प्लीहा नसलेले एखादे मूल वेगळे उठून दिसण्याची शक्यताच नव्हती.

जे वाचले ते मात्र दिसत राहिले. लंडनचे टॉमस स्पेन्सर वेल्स यांनी १८८७ मध्ये वारंवार कावीळ होणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या स्त्रीची प्लीहा काढली; कावीळ कायमची गेली. चाळीसएक वर्षांनी लॉर्ड डॉसन यांनी तिला पुन्हा तपासले, तेव्हा तिचा आजार म्हणजे तांबड्या पेशी गोलाकार व ठिसूळ करणारा आनुवंशिक पंडुरोग असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे या रोगावर प्लीहा काढणे हा खरोखरच उतारा होता. वैद्यकीय वाङ्मयात ही स्त्री अमर झाली. याच उताऱ्यानंतर जी बालके तापाने गेली, त्यांची मोजदाद कोणी केली नव्हती.

इशारा मुळीच मिळाला नाही असे नाही. १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलॉक या अमेरिकी संशोधकांनी प्लीहा काढलेले उंदीर आणि धड उंदीर यांना एकाच जिवाणूचा संसर्ग करून पाहिला. प्लीहा नसलेले उंदीर कितीतरी अधिक संख्येने मेले. माणसातही असेच घडत असावे, अशी शंका त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवली. निबंध छापला गेला तोही शल्यविशारदांच्या अग्रगण्य नियतकालिकात. वाचणाऱ्यांनी तो बाजूला ठेवला. उंदरांवरून माणसाचे अनुमान काढायचे नाही हा शहाणपणा तेव्हाही सोयीप्रमाणे वापरला जात असे.

मग तेहेतीस वर्षे गेली. १९५२ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील हॅरल्ड किंग आणि हॅरिस शूमाकर या शल्यविशारदांनी त्याच नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात पाच बालके होती, पाचही आनुवंशिक पंडुरोगाची, पाचही सहा महिन्यांच्या आत प्लीहा काढलेली. पुढच्या काळात या पाचही जणांना मेंदूज्वर किंवा तत्सम भयंकर जंतुसंसर्ग झाला. सगळी वाचली नाहीत. निबंधाचे वजन कशात होते, हे समजून घेण्याजोगे आहे. पाच ही संख्या म्हणजे काहीच नव्हे. पण दहापैकी पाच नव्हे, शंभरांपैकी पाच नव्हे, तर पाचांपैकी पाच, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण होते. शिवाय काळ बदलला होता. पेनिसिलिन हाताशी होते. मेंदूज्वराने मूल जाणे ही आता ‘होतेच असे’ म्हणण्यासारखी बाब उरली नव्हती. पार्श्वभूमी शांत झाल्यावर बारीक आवाज ऐकू यावा, तसे हे झाले.

तरीही वाद पंधरा वर्षे चालला. काही रुग्णालयांनी आपल्या जुन्या नोंदी चाळून ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे कळवले; काहींना तेच भयावह चित्र दिसले. दोष प्लीहा नसण्याचा की मूळ आजाराचा? तान्ह्या वयाचा की शस्त्रक्रियेचा? १९६७ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातील एराक्लिस आणि सहकाऱ्यांनी ४६७ मुलांचा आढावा घेतला, तेव्हा धोका मूळ आजाराप्रमाणे फार बदलतो असे दिसले. थॅलॅसेमियासारख्या गंभीर रोगांत तो मोठा होता. अपघातात प्लीहा गमावलेल्या, एरवी निरोगी मुलांबाबत मात्र या आढाव्याने जवळजवळ निश्चिंत केले. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, याच गटातील ज्येष्ठ रक्तरोगतज्ज्ञ लुई डायमंड यांनी या अवस्थेला नाव दिले : प्लीहा काढल्यानंतर होणारा, सारे शरीर व्यापून टाकणारा जंतुसंसर्ग. इंग्रजी आद्याक्षरांनी तो आज ओपीएसआय म्हणून ओळखला जातो. नाव मिळताच विखुरलेले मृत्यू एका रांगेत उभे राहिले.

ती रांग मोजली डोनाल्ड सिंगर यांनी, १९७३ मध्ये. तोवर प्रसिद्ध झालेल्या साऱ्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या : एकूण २,७९६ रुग्ण. त्यांपैकी ११९ जणांना रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग झाला होता आणि ७१ जण मेले होते. म्हणजे संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक. थॅलॅसेमियाच्या मुलांत जवळजवळ दर चौघांत एकाला हा संसर्ग गाठत होता. पण सर्वांत महत्त्वाचा आकडा होता तो सर्वांत लहान. अपघातामुळे प्लीहा काढलेल्या ६८८ जणांत या संसर्गाने चार मृत्यू झाले होते. चार. शेकडा ०.५८. एखाद्या शल्यविशारदाच्या अख्ख्या कारकिर्दीत अशी एकही घटना दिसू नये, इतके हे प्रमाण थोडे. पण सर्वसाधारण मुलांत अशा संसर्गाने होणारे मृत्यू शेकडा ०.०१ धरले, तर हाच आकडा अठ्ठावन्न पट होतो. एका माणसाच्या अनुभवाला जे कधीच दिसले नसते ते बेरजेला दिसले. ‘मी शेकडो प्लीहा काढल्या, काही झाले नाही’ हा अनुभवी डॉक्टरचा युक्तिवाद प्रामाणिक होता, तरीही फसवा होता.

असे का होते, याचे उत्तर त्याच सुमारास उलगडत गेले. प्लीहेच्या लाल गरातून रक्त अत्यंत संथपणे झिरपते आणि तेथील भक्षक पेशी त्यातील जिवाणू टिपून घेतात. न्यूमोकोकस, मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा हे जिवाणू शर्करायुक्त गुळगुळीत आवरण पांघरून येतात. त्यांच्यावर प्रतिपिंडांचा भरपूर थर बसला असेल तर यकृतही त्यांना पकडू शकते. थर विरळ असेल तर मात्र प्लीहेखेरीज कोणाच्या हाती ते सहसा लागत नाहीत. शिवाय अशा आवरणाविरुद्ध झटपट प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींचे ठाणेही प्लीहेच्याच एका पट्ट्यात असते. तो पट्टा जन्मतः अपक्व असतो आणि साधारण दोन वर्षांनंतर कामाला लागतो. प्रौढाने आयुष्यभर अनेक जंतूंशी झगडून प्रतिपिंडांची शिदोरी साठवलेली असते. तान्ह्या बाळाकडे तीही नसते. किंग आणि शूमाकर यांच्या पाच बालकांवर जे ओढवले, त्याचे मर्म हे आहे.

आता प्रश्न होता तो टेबलावर पडलेल्या, प्लीहा फाटलेल्या मुलाचा. काढली नाही तर रक्तस्रावाने मृत्यू, काढली तर पुढे केव्हातरी संसर्गाची टांगती तलवार. यातून तिसरी वाट आहे, असे म्हणण्याचे धाडस टोरोंटोच्या बालरुग्णालयाने केले होते, आणि तेही फार पूर्वी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. तेथील शल्यविशारद काही मुलांवर शस्त्रक्रियाच करत नसत. पलंगावर पूर्ण विश्रांती, नाडी आणि रक्तदाबावर डोळ्यांत तेल घालून नजर, लागेल तसे रक्त, बस्स. बाहेरच्या जगाला हा निष्काळजीपणा वाटे.

या पद्धतीला शास्त्रीय पाया मिळवून देण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पुरुषोत्तम उपाध्याय या बालशल्यविशारदांनी टोरोंटोच्या सिम्प्सन यांच्यासह प्लीहेला इजा झालेल्या ५२ मुलांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. पोट उघडून पाहिल्यावर अनेक मुलांत रक्तस्राव आधीच थांबलेला असल्याचे त्यांनी दाखवून दिले. मुलांची प्लीहा बहुधा आडवी चिरते, रक्तवाहिन्यांच्या दोन प्रांतांमधून; त्यामुळे मोठ्या वाहिन्या वाचतात आणि रक्त गोठून चीर आपोआप बंद होते. त्याच वर्षी उपाध्याय यांचा दिल्लीच्या सहकाऱ्यांसह केलेला दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माकडांच्या प्लीहेवरील जखमांचे पुढे काय होते, हे प्रयोगाने तपासले होते. प्लीहा शिवता येत नाही, ती भरून येत नाही, हा कोखर यांच्या काळापासूनचा समज इथे ढासळला. ब्राझीलमध्ये काम्पोस क्रिस्टो यांनी तर १९६० च्या दशकाच्या आरंभीच प्लीहेचा फक्त जखमी भाग काढून उरलेला वाचवण्याचे तंत्र मांडले होते.

जगाने हे मनावर घेतले ते सिंगर यांचे आकडे आल्यानंतर, आणि पोटाच्या आतले चित्र दाखवणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णालयांत रुळल्यानंतर. आज रक्तदाब स्थिर असलेल्या मुलाची फाटलेली प्लीहा शस्त्रक्रियेविना वाचवणे हाच शिरस्ता आहे आणि दहांपैकी नऊहून अधिक वेळा तो यशस्वी ठरतो. उपचाराचा अर्थ इतका उलटा फिरल्याची उदाहरणे शल्यशास्त्रात थोडीच असतील.

जाता जाता एक चकित करणारी गोष्ट. अपघातानंतर प्लीहा गमावलेल्यांना धोका तुलनेने कमी का, याचे एक संभाव्य उत्तर हॉवर्ड पिअर्सन यांनी १९७८ मध्ये दिले. अशा २२ मुलांचे रक्त तपासता १३ जणांत प्लीहेचे काम काही अंशी पुन्हा सुरू झाल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. फुटलेल्या प्लीहेचे कण पोटात सांडतात, रुजतात आणि वाढतात. पिअर्सन यांनी निबंधाच्या शीर्षकातच तिला पुनर्जन्म झालेली प्लीहा म्हटले. हे अंकुर संसर्गापासून कितपत वाचवतात, याची मात्र खात्री देता येत नाही. असे अंकुर असूनही माणसे दगावलेली आहेत.

धोका बालपणापुरताच आहे, हा समजही टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन प्लीहा गमावलेल्या ७४० अमेरिकी सैनिकांच्या पुढील आयुष्याचा मागोवा रॉबिनेट आणि फ्रॉमेनी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. भर तारुण्यात प्लीहा गेलेल्या या धट्ट्याकट्ट्या पुरुषांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू अपेक्षेहून स्पष्टपणे अधिक होते. त्याआधी १९५७ मध्ये झाग्रेबजवळचा एक तरुण शेतकरी विचित्र तापाने मरण पावला होता. त्याच्या रक्तात सापडला तो गुरांमधला गोचिडीवाटे पसरणारा बॅबेसिया हा परजीवी, माणसात प्रथमच ओळखलेला. त्या शेतकऱ्याची प्लीहा पूर्वी काढलेली होती. कुत्रा चावल्यानंतर होणारा कॅप्नोसायटोफॅगा या जिवाणूचा संसर्गही प्लीहा नसलेल्यांत असाच घातक ठरतो.

सर्वांत खेदजनक प्रकरण हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे. तो प्रामुख्याने तरुणांचा रोग. तो कोठवर पसरला आहे हे नेमके कळावे म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पोट उघडून प्लीहा काढून तपासण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. त्यामागचा हेतू सच्चा होता; याच शिस्तीतून हा कर्करोग बरा होऊ लागला. पण १९७६ मध्ये अशा २०० मुलांचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळजवळ दर दहांत एकाला रक्तसंसर्ग किंवा मेंदूज्वर झालेला आढळला. कर्करोगातून उठलेली मुले न्यूमोकोकसने जात होती. पुढे सीटी स्कॅन आणि अधिक प्रभावी औषधे आल्यावर ही शस्त्रक्रिया मागे पडली.

धोका कळला, पण मग करायचे काय? न्यूमोकोकसच्या चौदा प्रकारांवरील लस अमेरिकेत १९७७ मध्ये आली, तेवीस प्रकारांवरील १९८३ मध्ये. मात्र दोन वर्षांखालील बाळांत या लशींचा प्रभाव पडत नाही, आणि खरी गरज तर त्यांनाच. तोवर एक पर्याय उरत होता, तो म्हणजे रोज पेनिसिलिन. त्याचा निर्णायक पुरावा मिळाला तो प्लीहा कधीच न काढलेल्या मुलांकडून. सिकलसेल रोगात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी अडकून प्लीहा आतल्या आत झिजते. शस्त्रक्रियेवाचूनच मूल प्लीहाहीन होते. १९८६ मध्ये गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या २१५ बालकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. पेनिसिलिन न मिळालेल्या ११० जणांत १३ जणांना न्यूमोकोकसचा रक्तसंसर्ग झाला आणि तिघे दगावली. पेनिसिलिन मिळालेल्या १०५ जणांत दोघांनाच संसर्ग झाला, मृत्यू एकही नाही. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच थांबवावी लागली. नवजात बालकांची सिकलसेल तपासणी करण्याच्या चळवळीला खरा जोर आला तो या निकालाने.

महाराष्ट्राशी या साऱ्याचा संबंध इथेच जुळतो. विदर्भातील गडचिरोलीपासून थेट सातपुड्यातील नंदुरबारपर्यंत सिकलसेल घरोघरीचा आजार आहे. भारतातील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा अधिक राहत असल्याने प्लीहा लवकर झिजत नाही, उलट वाढलेली राहते. आणि ती फारच वाढून रक्त गिळू लागली तर काढावीही लागते. थॅलॅसेमियाच्या मुलांच्या वाट्यालाही पुष्कळदा हीच शस्त्रक्रिया येई. सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजांतील अनेक कुटुंबांना ती ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सार्वत्रिक लसीकरणात हिमोफिलसविरोधी लस त्याआधीच आली होती, आणि बाळांनाही चालणारी न्यूमोकोकसची नवी लस २०२१ पर्यंत देशभर पोहोचली. आजच्या बाळांचे यामुळे पुष्कळ रक्षण होईल.

त्याआधीच्या पिढ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. मोटारसायकल घसरून, झाडावरून पडून प्लीहा गमावलेली माणसे आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांतील कितीतरी जणांना ‘पोटात रक्त झाले होते, ऑपरेशन केले’ एवढेच सांगता येते. नेमका कोणता अवयव काढला, हे त्यांना माहीत नसते, आणि रुग्णालयाचा कागद केव्हाच हरवलेला असतो. डॉक्टरांच्या मार्गदर्शिका आज सांगतात ते साधे आहे : न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लशी, लहान मुलांना रोज पेनिसिलिन, अंगावर किंवा पाकिटात प्लीहा नसल्याची नोंद, आणि ताप आला की सकाळची वाट न पाहता तत्काळ प्रतिजैविक आणि रुग्णालय. हिवतापाच्या मुलखात जाताना अधिक सावधगिरी, कारण तोही अशांना तीव्र होतो.

कागद हरवला तरी रक्त मात्र विसरत नाही. तांबड्या पेशी तयार होताना त्यांच्या केंद्रकाचा एखादा बारीक कण कधीकधी मागे राहतो. निरोगी प्लीहा असे कण वेचून टाकते. प्लीहा नसेल तर ते तसेच रक्तात फिरत राहतात. १८९० मध्ये विल्यम हॉवेल यांनी आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूस्तँ जॉली यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हॉवेल-जॉली कण म्हणतात. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या एका थेंबात ते गडद ठिपके दिसतात, शस्त्रक्रियेला तीस वर्षे उलटली असली तरी.